चार दिवस हातात असतील तर ठाण्याहून मालवण नको, वेरूळ-अजिंठा करा

माजिवडा (धागाकर्ता):
शुक्रवार ते सोमवार अशी सुट्टी जुळली की सोसायट्यांच्या ग्रुपवर मालवण-तारकर्लीची चौकशी सुरू होते. मालवण सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण ठाण्याहून निघून चार दिवसांत पदरात काय पडतं याचा हिशोब मांडला, तर छत्रपती संभाजीनगर पुढे जातं असं माझं ठाम मत आहे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि सगळं गणित बदललं. आमणे म्हणजे भिवंडीच्या पलीकडे, आपल्या दारातच. कसारा घाट टळतो. वेरूळला जायचं तर माळीवाड्याला खाली उतरा. दौलताबाद तिथून लगेच, वेरूळ त्याच रस्त्याने पुढे. अजिंठ्याला जायचं तर पुढच्या सावंगीला उतरून फुलंब्री-सिल्लोड-फर्दापूर धरा, शहरात शिरायची गरजच नाही.

शुक्रवारी पहाटे पाचला निघा, दुपारी वेरूळ. ही वेळ मुद्दाम सांगतोय. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे कैलास (१६ नंबर) सकाळी सावलीत असतं आणि दुपारनंतर ऊन थेट शिल्पांवर येतं. शनिवारी पूर्ण दिवस अजिंठा. रविवारी सकाळी दौलताबाद, मग वेरूळची राहिलेली लेणी, संध्याकाळी बीबी का मकबरा. सोमवारी परत. दोन जागतिक वारसा स्थळं, एक किल्ला, एक जुनं शहर, आणि हॉटेल एकच. रोज बॅगा बांधायच्या नाहीत.

क्रम मात्र बदलू नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. "अजिंठा परतीच्या दिवशी करू" म्हणून सोमवारवर ढकलणारे शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटकासमोर उभे राहतात.

पामबीच:
पूर्ण असहमत. हा हिशोब माजिवड्याला राहणाऱ्याचा आहे, नेरूळ-सानपाड्याचा नाही. नवी मुंबईतून आमण्याला पोचायचं म्हणजे महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मग माणकोली. या पट्ट्यात अवजड वाहनं आडवी आली की समृद्धीवर वाचवलेला वेळ तिथेच जातो. आम्हाला पनवेल स्टेशन जवळ आहे आणि कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात. रात्री कोकणकन्येत झोपायचं, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीस किलोमीटरच्या आत. एस.टी. मिळते, रिक्षा मिळते. दिवस फुकट जात नाही आणि गाडी चालवणाऱ्या माणसालाही सुट्टी मिळते. तुमच्या बेतात त्याची सुट्टी कुठे आहे?

दुसरं, चार दिवसांत तीन वेळा दगडी पायऱ्या. सहा-सात वर्षांच्या मुलांना पाणी लागतं, वाळू लागते.

माजिवडा:
रेल्वेचा मुद्दा तेव्हाच खरा, जेव्हा तिकीट हातात असतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोकणकन्या उघडता उघडता वेटिंगवर जाते. मग लोक गाडी काढतात, आणि मुंबई-गोवा महामार्गावर कोलाड-माणगावच्या गर्दीत अडकतात. कशेडीचा बोगदा झाला, घाट वाचला, पण सुट्टीच्या दिवशी माणगावची बाजारपेठ पार करायला लागणारा वेळ कोणी धरतच नाही.

पामबीच:
तिकीट मिळत नाही यामागे अर्धं कारण उशीर आणि अर्धं कारण चुकीची तारीख. नीट सांगतो.

आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पासून. प्रवासाचा दिवस मोजायचा नाही. २५ डिसेंबरच्या गाडीचं बुकिंग २६ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडतं. प्रवाशांची नावं-वयं आदल्या दिवशीच आय.आर.सी.टी.सी.च्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, आठ वाजता टाइप करत बसू नका.

तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे "२४ च्या रात्री निघायचं" असेल तर तिकीट २५ तारखेचं हवं. इथे दरवर्षी माणसं चुकतात, आणि तिकीट हातात असून गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. कोकणकन्या सी.एस.एम.टी. आणि ठाण्याहून मध्यरात्रीच्या आधी सुटते, तिथे हा घोळ नाही; पनवेलला मात्र ती बारानंतर येते, तिथून चढणाऱ्यांनी तारीख नीट बघावी.

ठाण्याहून किंवा पनवेलहून वेटिंग दिसत असेल तर सी.एस.एम.टी.पासून काढून बघा आणि बोर्डिंग बदलून ठाणे किंवा पनवेल करा. हे गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी करा. बोर्डिंग बदलल्यावर मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क राहत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि परतीचं तिकीट वेगळ्या तारखेचं, त्याचं बुकिंगही वेगळ्या दिवशी उघडतं. जाण्याचं मिळालं म्हणून निर्धास्त झालेले परतीला तत्काळच्या मागे लागतात: एसीचं आदल्या दिवशी दहाला, स्लीपरचं अकराला.

कोलशेत:
धागाकर्त्याच्या ठिकाणाशी सहमत, पण समृद्धीबद्दल एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट राहिली. सलग काँक्रीट, सलग वेग. तिथे टायर फुटण्याचं मोठं कारण म्हणजे कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने उष्णता वाढते, आणि शंभरच्या वर तासभर चाललं की आतले थर सुटायला लागतात. "काँक्रीट तापतं म्हणून हवा थोडी कमी ठेवा" हा सल्ला फार फिरतो. तो उलटा आहे, कृपया पुढे पाठवू नका.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हाचा आकडा त्यावर वेगळा दिलेला असतो, तो धरा. घरून निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा. वाटेत गरम टायरचा आकडा वाढलेला दिसेलच, तेव्हा हवा काढू नका. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी शिल्लक असली तरी, या रस्त्यावर नेऊ नका. स्टेपनीतली हवाही बघा.

आणि डुलकी. वळण नाही, सिग्नल नाही, दृश्य बदलत नाही. दीड-दोन तासांनी सुविधा केंद्रावर किंवा इंटरचेंजला बाहेर पडून थांबा. फोटोसाठी रस्त्याच्या कडेला अजिबात थांबू नका. मागून येणारा चालक ताशी १२० ने येत असतो आणि पुढचं वाहन उभं आहे हे त्याला फार उशिरा कळतं. दुचाकीला या रस्त्यावर परवानगी नाही, म्हणून बाइकवाल्यांनी हा बेत मांडू नये. टोल कारला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास, तोही खर्चात धरा.

वाघबीळ:
मग गाडी न्यायचीच कशाला? संभाजीनगरला रेल्वे आहे की. तपोवन सकाळी ठाण्याला थांबते आणि दुपारी पोचवते. देवगिरी रात्रीची, अगदी पहाटे उतरवते, त्यामुळे हॉटेलशी लवकर खोली मिळेल का हे आधीच बोलून ठेवावं लागतं. दुपारची वंदे भारतही ठाण्याला थांबते. तिथे उतरून दोन दिवसांसाठी स्थानिक गाडी ठरवा. अजिंठ्याला तुमची गाडी असून फायदा थोडाच: फर्दापूरच्या टी-पॉइंटला ती उभी करावी लागते, पुढचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसनेच जायचं. स्टेशनाचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललं आहे, आता छत्रपती संभाजीनगर या नावाने शोधा.

उपवन:
"शनिवारी पूर्ण दिवस अजिंठा" असं एका ओळीत लिहिणं बरोबर नाही. घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर ती ओळ त्यांना त्रास देईल. तिकीटघरापासून पहिल्या लेण्यापर्यंतची चढणच दमवते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले खालीच उभे असतात. दर चढण्याआधी आणि जाऊन-येऊन असा ठरवा. वर गेल्यावर वाट वाघोरा नदीच्या नालाकृती वळणाने जाते, प्रत्येक लेण्याला पुन्हा चार पायऱ्या असतातच.

सगळी लेणी बघायचा हट्ट धरू नका. १, २, १६, १७ ही चित्रांसाठी, १९ आणि २६ शिल्पांसाठी. २६ मध्ये महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, ती चुकवू नका. सकाळी नऊला उघडताच आत असाल तर १ नंबरमधला पद्मपाणी शांतपणे बघायला मिळतो. अकरानंतर आत सोडण्यासाठीच रांग लागते. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही आणि लोक "काळोखच आहे" म्हणून बाहेर पडतात. भिंतीला पाठ न लावता मध्ये उभं राहा, डोळे सरावू द्या, मग रंग दिसायला लागतात. फ्लॅश चालत नाही. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, म्हणून नाडीचे बूट नकोत. मोजे ठेवा, दुपारी दगड तापतो. पाणी खालून भरून न्या.

दौलताबादलाही तेच. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, मधे अंधारी नावाचा भुयारी मार्ग. भुयारात वटवाघळं आणि ओलसर घसरडी पायरी, मोबाइलच्या दिव्यापेक्षा हातातली बॅटरी बरी. ज्येष्ठांनी चांद मिनारपाशी थांबावं. तेवढंही बघण्यासारखं आहे.

पामबीच:
उपवन यांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. आजी-आजोबा डोलीत, नातवंडं कंटाळलेली. तारकर्लीला तिन्ही पिढ्या एकाच वाळूत बसतात.

सानपाडा:
वाळूत बसतात हे खरं, पण मालवणची बाजू मांडायची तर पूर्ण मांडा. पाण्यात उतरणाऱ्यांना कोणी सूचना देत नाही.

स्कूबासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. सर्दी असेल तर उतरू नका. दर मीटरभर खाली गेल्यावर नाक दाबून हलकेच फुंकायचं, कान दुखायला लागण्याच्या आधी. दुखल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. दुखलं तर थोडं वर या, पुन्हा करा. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर स्पष्ट सांगा आणि किनाऱ्यावर राहा. पोटभर घावणे खाऊन लगेच होडीत बसू नका, उलटी होते. परतीला चिपी किंवा मोपाहून विमान असेल तर डुबकी आणि उड्डाण यांत किमान १८ तास ठेवा. म्हणजे स्कूबा पहिल्या दिवशी, शेवटच्या नाही.

देवबागला कर्ली नदीचा संगम आहे. ओहोटीत नदीचं पाणी समुद्राकडे जोराने ओढतं, गुडघाभर पाण्यातलं मूलही पाय टिकवू शकत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून "काल याच वेळी शांत होतं" हे आजला लागू नाही. होडीवाल्याला विचारा. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळी लवकर धरा. नंतर वारा वाढतो आणि जेटीवर रांगही. मे महिन्याच्या शेवटी वाहतूक आणि जलक्रीडा बंद होतात ते सप्टेंबरपर्यंत, हे पावसाळी सहल ठरवणाऱ्यांना माहीत असावं.

घोडबंदर:
दोन्ही नको. कासारवडवली-ओवळ्याच्या पट्ट्यातल्यांनी अहमदाबाद करावं. आपल्याला बोरिवली जवळ पडतं आणि अहमदाबादची वंदे भारत बोरिवलीला थांबते. फक्त गायमुख घाटात पहाटेही ट्रक अडकतात, त्यासाठी तासभर जास्त ठेवा. २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर म्हणून नोंदलं गेलेलं ते भारतातलं पहिलं शहर. पोळांतून (जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांतून) सकाळी चालत फिरायचं, कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सुरुवात. सिदी सय्यदची जाळी, साबरमती आश्रम, अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर). एक दिवस मोढेरा आणि पाटणची राणी की वाव. कॅलिको संग्रहालय आधी नोंदणी केल्याशिवाय बघता येत नाही आणि बुधवारी बंद असतं. शहर सपाट, त्यामुळे ज्येष्ठांचा प्रश्नच नाही. मात्र वावेत खाली उतरायला पायऱ्या आहेत.

माजिवडा:
अहमदाबाद चांगलं, पण मोढेरा-पाटणचा दिवस रस्त्यातच जातो. उपवन यांचं अजिंठ्याबद्दलचं म्हणणं मान्य. घरात आठ वर्षांखालचं मूल आणि सत्तरीचं माणूस दोन्ही असतील तर शनिवारचा अजिंठा मी स्वतःच बेतातून काढीन आणि त्या दिवशी पैठण सुचवीन: माग चालताना बघायला मिळतो, चढण नाही. पण शाळेत इतिहास शिकणारी, पाचवीच्या पुढची मुलं असतील तर नाही. वरून खाली खोदलेलं देऊळ म्हणजे काय, हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. कैलासच्या बाजूच्या टेकडीवरून कळस खाली दिसतो, तेव्हा एका क्षणात कळतं. कठड्याजवळ मुलांचा हात मात्र सोडू नका.

खारघर_सेक्टर२०:
आमची सुट्टी शनिवार ते मंगळवार आहे. मग क्रम कसा?

माजिवडा:
शनिवारी पोचा आणि दौलताबाद-मकबरा करा. रविवारी अजिंठा, नऊच्या आत फाटकावर, कारण रविवारची गर्दी. सोमवारी वेरूळ. पण सोमवारी शेजारच्या घृष्णेश्वराला रांग मोठी असते आणि त्याच रस्त्यावर गाड्या तुंबतात. दर्शन पहाटे उरकून घ्या, पुरुषांना गाभाऱ्यात जायला अंगातला सदरा काढावा लागतो. जैन लेणी (३० ते ३४) मुख्य लेण्यांपासून लांब आहेत, तिथे आतल्या बसने आधी जा आणि कैलास दुपारी तीननंतर ठेवा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो. मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून काही राहिलं तर ते सोमवारीच.