कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीला मार्क द्यायचे म्हणजे नक्की काय मोजायचं?

चिकित्सक: परवा 'सजग' यांनी लिहिलं की प्रत्येक कंपनीला सामाजिक जबाबदारीचा एकच आकडा द्यावा, तो पाकिटावर छापावा, आणि आपण तो बघून खरेदी करावी. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. आकडे आज कमी आहेत का? बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन यांनी सहा संस्थांची ईएसजी रेटिंगं, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांवरून कंपन्यांना दिलेले मार्क, ताडून पाहिली (२०२२). सहसंबंध सरासरी ०.५४ (१ म्हणजे पूर्ण एकमत). पतमानांकनात, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीच्या मार्कांत, तो ०.९ च्या वर असतो. म्हणजे एका मास्तरांकडे पहिला आलेला दुसऱ्यांकडे काठावर पास! फोक्सवॅगन आठवते ना? सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी निर्देशांकात, म्हणजे जबाबदार कंपन्यांच्या यादीत, वाहन उद्योगात अव्वल. त्याच महिन्यात धुराची चाचणी फसवणारं सॉफ्टवेअर उघडं पडलं, आणि ऑक्टोबरात यादीतून नाव गायब.

सजग: मास्तरांचं पटत नाही म्हणून परीक्षाच रद्द? तोच अभ्यास पुढे वाचायचा होता. निम्म्याहून जास्त मतभेद, ५६ टक्के, एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतीने मोजल्यामुळे आहेत. मग फूटपट्टी एक करा की! आकडा नसेल तर आपल्या हातात उरते फक्त जाहिरात.

जुना हिशेबनीस: फूटपट्टी कशाला लावताय ते आधी ठरवा. एमएससीआय या रेटिंग देणाऱ्या संस्थेचं रेटिंग सांगतं की पर्यावरण-समाजाच्या भानगडींमुळे कंपनीच्या धंद्याला किती धोका आहे. कंपनीपासून जगाला किती, ते नाही. लोक उलटं वाचतात आणि खूश होतात.

तळमजला: कारखान्यात अकरा वर्षं काढली, नाव सांगत नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री आणीबाणीच्या दारासमोरचे खोके ट्रकमध्ये भरायचे आणि दुसऱ्या दिवशी ट्रक नुसता फिरवत ठेवायचा. हजेरीपट दोन. ऑडिटरला दाखवायचा कोरा करकरीत दिसू नये म्हणून त्याचे कोपरे मुडपून, धुळीत घासून जुना करायचं काम माझं. मार्क चांगले पडायचे हो. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यालाही एसए ८०००, म्हणजे कामगारांना नीट वागवतात असं प्रमाणपत्र, मिळालं होतं. काही आठवड्यांत, सप्टेंबर २०१२ मध्ये, आग लागली. अडीचशेहून जास्त माणसं गेली.

रविवारचा बळी: आमच्याकडे अहवालात 'स्वयंसेवी तास' असा रकाना आहे. तो भरायला रविवारी आम्हाला हाकलतात. मागे एका शाळेची भिंत निळी रंगवली. कोपऱ्यात पोपडा निघाला होता, त्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा. मुख्याध्यापक म्हणाले, दरवर्षी वेगळी कंपनी येते, छप्पर गळतंय ते कुणी विचारत नाही. शंभर माणसं, सहा तास, झाले सहाशे! गळती कुठल्या रकान्यात बसते?

मनमोकळी: ते तास मोजणाऱ्या खात्यात मी आहे. वर्षातून दोन रविवार गेले तर एवढं काय बिघडतं? आणि कुरकुरणारी मंडळी ग्रुपफोटोत पहिल्या रांगेत असतात, हा माझा अनुभव.

रविवारचा बळी: पहिल्या रांगेत असतो कारण न आलेल्यांची यादी साहेबांकडे जाते! ती कोण करतं, तेही सांगा.

मनमोकळी: मीच करते. वरून मागतात. झालं समाधान?

रविवारचा बळी: अर्धं. 'स्वयंसेवी' शब्द काढा, उरलेलं होईल.

सजग: छान. एकाचा रविवार बुडाला म्हणून जगभरचं मोजमाप खोटं. चालू द्या.

तळमजला: सजग, तुम्ही कधी कारखान्याच्या आत पाऊल टाकलंय?

सजग: नाही. म्हणूनच मला आकडा लागतो. तुम्हाला आतलं दिसतं, मला पाकीटच दिसतं.

चिकित्सक: हे मात्र बिनतोड. बरं, एवढं मान्य: एकत्र शिजवलेला मार्क नको, पण कच्चे आकडे छापा. किती अपघात, किती ओव्हरटाइम, किती सांडपाणी. आणि अचानक जाऊन तपासा, तारीख कळवून नाही.

सजग: म्हणजे मोजायचंच. तीस प्रतिसादांचं काम तुम्ही डझनभरातच उरकलंत, धन्यवाद.

तळमजला: अचानक आले तरी गेटवरून आत फोन जातोच. कामगारांना कारखान्याबाहेर गाठा, साहेब नसताना.

रविवारचा बळी: मलाही गाठा. उद्या नको, उद्या झाडं लावायची आहेत.