मदत हवी आहे : बाबांसाठी वय वंदना कार्ड की सीजीएचएस?

नमस्कार मंडळी. दोन महिने घरात हा एकच विषय चाललाय आणि आता आवाज चढायला लागलेत, म्हणून इथे विचारते.

बाबा ७४ वर्षांचे, केंद्र सरकारचे पेन्शनर. आई-बाबा साताऱ्यात राहतात, मी पुण्यात. नोकरीत असताना पुण्याला पोस्टिंग होतं तेव्हा पगारातून सीजीएचएसचे (केंद्र सरकारी नोकरदार-पेन्शनरांची आरोग्य योजना) पैसे कापले जायचे. निवृत्त होऊन साताऱ्याला गेले आणि कार्ड केलंच नाही, कारण तिथून सीजीएचएसचा दवाखाना लांब. त्याऐवजी पेन्शनबरोबर महिना १००० रुपये मेडिकल अलाउन्स येतो. बीपी, शुगर आणि २०१९ मध्ये बसवलेला स्टेंट, या सगळ्याच्या गोळ्यांना महिना ३००० च्या आसपास लागतात. खासगी मेडिक्लेमची चौकशी केली. हप्ता ऐकून बाबा गप्प झाले, त्यात जुन्या आजारांना तीन वर्षं थांबा म्हणे.

आता वॉर्डात आयुष्मान वय वंदनाचं शिबिर आहे. सत्तरीच्या पुढे सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाख आणि फुकट. बाबा म्हणतात, "फुकट मिळतंय तर ७८ हजार कशाला घालायचे?" (त्यांच्या पे लेव्हलला सीजीएचएसची वर्गणी महिना ६५०. दहा वर्षांची एकदम भरली की आजन्म कार्ड.) माझं मन सीजीएचएसकडे झुकतंय, पण पटवून देता येत नाहीये.

दुसरा घोळ आईचा. तिचा जन्म श्रावणातला, पण शाळेत गुरुजींनी १ जून लिहिली आणि आधारवर तीच आली, १ जून १९५६. म्हणजे कागदोपत्री सत्तरीला अजून तीन महिने आहेत. शिवाय तिचा अंगठा मशीनवर उठत नाही, रेशनच्या दुकानातही हीच रड.

आतेभाऊ म्हणतो दोन्ही कार्डं काढून ठेवा, जे चालेल ते चालेल. असं करता येतं का? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

प्रतिसाद :
ताई, दोन्ही ठेवता येत नाहीत. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी (कामगारांचा विमा) असेल तर वय वंदना सोबत चालतं. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांचं ईसीएचएस असेल तर मात्र एकच निवडावं लागतं.

वय वंदनाची चांगली बाजू आधी सांगतो. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात, त्यामुळे स्टेंटची अडचण नाही. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस त्यात येतात. पण ५ लाख हे माणशी नाहीत. जूननंतर आईंचं कार्ड निघालं की दोघांत मिळून वर्षाला तेवढेच. आणि ओपीडी नाही. तुमचा रोजचा खर्च गोळ्यांचा आहे, त्यातला एक रुपयाही तिथून सुटणार नाही.

अंगठ्याची काळजी नको. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, नाहीतर चेहरा दाखवूनही केवायसी होते. वय आधारवरचंच धरतात, त्यामुळे गुरुजींच्या कृपेने आईंना श्रावणापर्यंत थांबायला लागणार नाही.

प्रतिसाद :
मी स्वतः पेन्शनर आहे, वय ७१. बेटा, तुझ्या हिशोबात एक गोष्ट राहिली. ७८ हजार एकदम भरायची सक्ती नाही. वर्षाचे ७८०० भरूनही कार्ड मिळतं आणि त्यात आईचं नाव वय न बघता येतं.

साताऱ्यात राहूनही दोन मार्ग आहेत. एक, १००० रुपये चालू ठेवायचे आणि सीजीएचएस फक्त भरती होण्यापुरतं घ्यायचं. दुसरा, १००० सोडायचे आणि ओपीडीसकट घ्यायचं. तू पुण्यात आहेस, महिन्याला घरी जात असशील. दवाखान्यातून गोळ्या तू उचलल्यास तर हजार सोडून तीन हजारांची औषधं येतात. मात्र हा बदल आयुष्यात एकदाच करता येतो, तेव्हा दोघांना विचारून कर. सत्तरीपुढच्यांना पॅनेलवरच्या (म्हणजे सीजीएचएसच्या यादीतल्या) खासगी हॉस्पिटलात स्पेशालिस्टला दाखवायला आता रेफरलही लागत नाही, हा नियम २०२४ मध्ये ७५ वरून ७० वर आला. आम्हा म्हाताऱ्यांची एक रांग त्यामुळे वाचली.

तरी बाबा हलायलाच तयार नसतील तर पुण्यातलं पॅनेल काय कामाचं? रात्री दोनला छातीत दुखलं तर साताऱ्यातच न्यावं लागणार. घराजवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांत जाऊन आरोग्यमित्राला (तिथे योजनेचं काम बघणारा माणूस) भेट आणि हृदयाचे उपचार तिथे वय वंदनात होतात का ते विचार. पाटी लावलेली असली तरी प्रत्येक ठिकाणी प्रत्येक विभाग योजनेत असतोच असं नाही. सीजीएचएसच्या यादीतही सातारा शोध. माझ्या लेखी निर्णय यावरच आहे.

धागाकर्ती :
काका, ७८०० चं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. रात्री फोनवर बाबांना सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गोळ्या तू आणणार म्हणजे दर महिन्याला येणार ना?" आई मागून हसत होती. शनिवारी जातेय, दोन हॉस्पिटलांत आरोग्यमित्राला भेटते. शिबिर दहा दिवस चालू आहे, तोवर बाबांना वय वंदनाच्या रांगेत उभं राहू नका म्हणून सांगितलंय. पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत कुठल्या ट्रंकेत आहे ते मात्र दोघांनाही आठवत नाहीये. सीजीएचएसच्या अर्जाला त्याशिवाय अजून काय काय कागद लागले, कुणी अलीकडे केलं असेल तर सांगा.