ट्रॉयच्या म्हाताऱ्यांचा आवाज: होमर स्तुती करतोय की टिंगल?

प्रश्न
सध्या प्राचीन ग्रीक कवी होमरच्या इलियड या युद्धकाव्याचा अनुवाद वाचतेय. तिसऱ्या सर्गात वेढा पडलेल्या ट्रॉय नगरीचे म्हातारे वेशीच्या बुरुजावर बसलेत. लढाई आता झेपत नाही, पण बोलण्यात एकेक पटाईत. होमर म्हणतो, झाडावरच्या सिकाडांसारखे ते. त्यांचा आवाज लिलीसारखा. मी गाणं शिकवते. कर्र करणारा किडा आणि नाजूक फूल एकाच ओळीत कसे बसले?

प्रतिसाद १
मला तर अखंड बडबडीवरचा टोमणा वाटतो. आमच्या गावी मे महिन्यात भर दुपारी सिकाडा लागले की कान किटतात.

प्रतिसाद २
टोमणा नाही हो. मी मूळ ग्रीक वाचतो, म्हणून सांगतो. हेच 'लिलीसारखा' विशेषण हेसिअड हा प्राचीन ग्रीक कवी चक्क काव्यदेवतांच्या आवाजाला लावतो.

खरी मेख आहे 'लिगुस' या ग्रीक शब्दात: स्वच्छ, धारदार, लांबवर पोचणारा आवाज. होमरचा वृद्ध वक्ता नेस्टर 'लिगुस', आणि त्याच्याच जिभेवरून मधाहून गोड वाणी झरते. फॉर्मिंक्स हे तंतुवाद्य लिगुस, घोंगावणारा वारासुद्धा लिगुस. गोडवा आणि धार यांचं ग्रीकांच्या कानाला वाकडं नव्हतं. प्लेटोच्या 'फेड्रस' या संवादात तर सॉक्रेटिस सांगतो की सिकाडा पूर्वी माणसं होती. गाण्यात इतकी रमली की खाणंपिणं विसरून मेली.

माझी सर्वांत आवडती जागा होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात आहे. गवई नव्या खुंटीला तार चढवतो तितक्या सहज काव्याचा नायक ओडिसियस धनुष्याला दोरी चढवतो, उजव्या हाताने छेडून बघतो, आणि दोरी भिंगरी पक्ष्यासारखी सुरेख गाते. पुढच्या क्षणी समोर बसलेल्या, त्याच्या बायकोला मागणी घालणाऱ्यांच्या तोंडचा रंग उडतो. वाचताना दर वेळी काटा येतो अंगावर.

प्रतिसाद ३
भर घालतो. ग्रीक लोक स्वराला उंच-खालचा म्हणत नसत. तार स्वर 'ऑक्सुस' म्हणजे टोकदार, खर्जातला 'बारुस' म्हणजे जड. हे शब्द स्पर्शावरून आलेत, असं ॲरिस्टॉटलनेच लिहून ठेवलंय. आपणही 'जड आवाज' म्हणतोच की.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. आवाज बारीक, पण षड्ज लागला की तानपुऱ्याच्या वरून थेट मागच्या भिंतीपर्यंत जातो. वर्षभर मी तिला 'गोलाई आण, गोलाई आण' म्हणत होते. उद्या नाही म्हणणार.