मायक्रोआरएनए आणि इन्शुलिन-प्रतिरोध
प्रथिने न बनवणारे आरएनए (जनुकांतील माहितीवरून पेशीत तयार होणारे रेणू) म्हणजे पेशीतला निरुपयोगी पसारा, हे एका प्रतिसादातील विधान मला पटत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लठ्ठ उंदरांच्या यकृतात मायक्रोआरएनए-१०३ आणि १०७ (प्रथिने न बनवता जनुकांचे काम नियंत्रित करणारे असेच छोटे आरएनए) वाढलेले आढळले. हे रेणू केव्हिओलिन-१ या प्रथिनाची निर्मिती दडपतात, त्यामुळे मेदपेशींवरील इन्शुलिन-ग्राहक (इन्शुलिनचा संदेश टिपणारी प्रथिने) अस्थिर होतात आणि इन्शुलिनचा संदेश आत नीट पोहोचत नाही; हाच इन्शुलिन-प्रतिरोध. हे मायक्रोआरएनए निष्क्रिय केल्यावर उंदरांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली, आणि माझ्या मते ते निरुपयोगी नसल्याचा सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे (उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आलेच). मात्र रक्तातील मायक्रोआरएनए मोजून मधुमेहाचे भाकीत करण्याचा आग्रह घाईचा वाटतो. वाशी-नेरुळच्या आपण मंडळींनी तूर्त उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासावे, कारण त्यांचे निकष ठरलेले आहेत.