पावसात बसणारा दूध संकलनाचा प्रोग्राम कसा तपासू?

नांगरट: नमस्कार मंडळी. मी दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितो, एकटाच, सी भाषेत. फॅट मशीन सिरीयल केबलने जोडलेलं असतं. आकडा आला की दर निघतो, पावती छापली जाते. वळवाच्या पावसात लाईट जा-ये करायला लागली की केबलवर कचरा येतो आणि प्रोग्राम बसतो. पहाटे साडेपाचला माणसं किटल्या घेऊन ओळीत उभी, आणि सचिवांचा मला फोन. तेही एक वेळ चाललं असतं. पण गेल्या आठवड्यात एका मावशींच्या म्हशीच्या दुधाला आधीच्या सभासदाच्या गाईचं ३.६ फॅट लागलं. त्या पावती घेऊन परत आल्या म्हणून कळलं, नाहीतर त्यांचे पैसे गेलेच होते. माझ्या सगळ्या टेस्ट पास होतात. यावर कुणी अभ्यास केलाय का?

जुनी_वही: अगदी याच प्रकारातून एक अख्खं संशोधन उभं राहिलंय. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसात घरून डायल-अपवर काम करत होते. लाईनवरच्या खरखरीमुळे भलतीच अक्षरं घुसत होती आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे रोजचे प्रोग्राम कोसळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्पच दिला: मुद्दाम कचरा पाठवा आणि काय मोडतं ते बघा. १९९० च्या त्यांच्या निबंधात युनिक्सच्या प्रत्येक आवृत्तीवर तपासलेल्यांपैकी २५ ते ३३ टक्के प्रोग्राम पडल्याची नोंद आहे. बरीचशी कारणं साधी होती, ॲरेची, म्हणजे मेमरीतल्या ठराविक आकाराच्या जागेची, हद्द न पाहणं वगैरे. असा मुद्दाम कचरा पाठवून तपासण्यालाच फझिंग म्हणतात.

सेमीकोलन: एएफएल प्लस प्लस हे फझिंगचं साधन घ्या. हे आंधळेपणाने कचरा टाकत नाही. कुठल्या इनपुटने कोडची नवी वाट उघडली ते पाहतं आणि त्याच इनपुटमध्ये पुढचे बदल करतं. मशीनकडून येणारं पॅकेट वाचणारं फंक्शन तेवढं वेगळं काढा आणि ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीत हद्दीबाहेर हात घातला की प्रोग्राम तिथेच थांबवणारं साधन) लावून बांधा. तो लावला नाही तर शेजारची मेमरी गुपचूप खराब होईल आणि प्रोग्राम चालूच राहील. मावशींच्या पावतीचं असंच झालं असावं. चेकसमची (पॅकेट वाटेत बिघडलं का ते सांगणाऱ्या आकड्याची) तपासणी फझिंगपुरती बंद ठेवा, नाहीतर सगळं इनपुट दारातूनच परत जाईल.

नांगरट: काल रात्री लावलं. चहा होईपर्यंत सापडलं! पॅकेटचा दुसरा बाइट म्हणजे लांबी, नेहमी १८. त्यातला वरचा एक बिट उलटला की १४६ होतात. मी तेवढे बाइट ३२ च्या ॲरेत कॉपी करत होतो. चेकसम तपासत होतो, पण कॉपी झाल्यावर! ॲरेच्या पलीकडेच ‘नवीन वाचन आलं’ हे सांगणारा फ्लॅग, म्हणजे खुणेचा आकडा, आहे. तो शून्य नसला की जुनं फॅट नवं म्हणून छापलं जातं. सहा वर्षं हा कोड चालतोय.

जुनी_वही: छान झालं. तरी फझिंगला काही सापडलं नाही म्हणजे चूक नाहीच, असं धरू नका. युटा विद्यापीठाच्या सीस्मिथ या साधनाने आपोआप सी प्रोग्राम रचून तीन वर्षांत कंपायलरांमधल्या (सी कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधल्या) ३२५ हून जास्त चुका काढल्या. झाविए लरॉय यांच्या कॉम्पसर्ट या कंपायलरमध्ये मात्र गणिताने सिद्ध केलेल्या भागात सीस्मिथवाल्यांना चुकीचा कोड तयार होताना दिसला नाही. जे काही सापडलं ते सिद्ध न केलेल्या भागात. तुमचं दर काढणारं फंक्शन लहान असेल. तेवढं फ्रामा-सी या सी कोड गणिताने तपासणाऱ्या साधनाने सिद्ध करून बघा.

नांगरट: दराचं फंक्शन चाळीस ओळींचं आहे, रविवारी बसतो. त्याआधी मागच्या महिन्याच्या पावत्यांमध्ये लागोपाठ तेच फॅट कुठे लागलंय ते काढून सचिवांकडे देतोय. फरकाचे पैसे मी भरणार आहे.