घर रिकामं करायचंय: कुठली वस्तू कुठे विकावी?

वेणू:
तीन आठवड्यांत घर रिकामं करून द्यायचं आहे. विकायचं सामान: दोन दारांचा फ्रिज (सहा वर्षं जुना, चालू), फ्रंट लोड वॉशिंग मशीन, सागवानी टेबल, पार्टिकल बोर्डचं मोठं कपाट, दोन गाद्या, बाळाचा कठड्याचा पलंग, थोडी पितळी भांडी, शंभरेक पुस्तकं, दोन जुने फोन. जुनं सामान घेणारा एक दुकानदार सगळं एकगठ्ठा उचलायला तयार आहे. त्याला देऊन टाकावं की वेगवेगळं विकावं? वेगवेगळं विकायचं तर कुठे?

जुनापुराणा:
दुकानदाराला नाही म्हणू नका, पण त्याला शेवटी बोलवा. एकगठ्ठा भाव सांगताना त्याच्या डोळ्यासमोर फ्रिज, मशीन आणि टेबल एवढंच असतं. बाकीचं उतरवायची आणि टाकायची मजुरी तो त्याच तिघांच्या किमतीतून वळती करतो. त्याच्याकडून प्रत्येक वस्तूचा भाव सुटा मागा, म्हणजे हे लगेच दिसेल.

जड वस्तूंना गिऱ्हाईक जवळचंच मिळतं, कारण वाहतूक त्याच्या अंगावर पडते. म्हणून फ्रिज, मशीन, टेबल आणि कपाट यांची जाहिरात आजच फेसबुक मार्केटप्लेसवर आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. या चारांना वेळ लागतो. पुस्तकं आणि फोन हलके असल्यामुळे ते पार्सलनेही जातात, त्यांची घाई नाही.

जाहिरातीत मॉडेल नंबर लिहाच. लोक तोच शोधतात. फ्रिजच्या आतल्या बाजूला किंवा मशीनच्या दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्याचा फोटो द्या. बाकी फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता काढा: समोरून, बाजूने, आतून, आणि जिथे ओरखडा किंवा पोचा आहे तिथला जवळून. दोष फोटोत दिसला की दारात उभं राहून होणारी घासाघीस निम्मी होते. लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये द्या आणि कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, तेही लिहा. सौदे बहुतेक इथेच मोडतात: माणूस टेम्पो घेऊन येतो आणि कपाट जिन्याच्या वळणातून निघत नाही.

किंमत ठरवताना तुम्ही किती दिले होते ते विसरा. तीच वस्तू आज नवीन केवढ्याला मिळते आणि तशीच जुनी लोक केवढ्याला लावतात, एवढंच बघा. आठवडाभरात एकही विचारणा आली नाही तर किंमत जास्त आहे असं समजून उतरवा.

स्क्रूड्रायव्हर:
फ्रिज आणि मशीन जोडलेल्या, चालू अवस्थेतच दाखवा. प्लग काढून ठेवलेला फ्रिज बघून गिऱ्हाईक तो बंदच आहे असं धरून भाव सांगतं. मशीनचं एक छोटं चक्र चालवून स्पिनचा व्हिडिओ काढा, आवाज बंद न करता. स्पिनमध्ये घरघर येत असेल तर बेअरिंग गेलेलं असतं. ते आधीच सांगून किंमत लावा.

न्यायच्या आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून बंद करा, दारं उघडी ठेवून बर्फ वितळू द्या आणि मागच्या ट्रेमधलं पाणी काढा. मशीनचा नळ बंद करून पाइप सोडवा, खाली पुढच्या बाजूला असलेला फिल्टर उघडून उरलेलं पाणी परातीत घ्या. पाणी आत राहिलं तर ते वाटेत पॅनेलपर्यंत पोचतं.

ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा. नवीन मशीनच्या पाठीमागे ड्रम घट्ट धरून ठेवणारे तीन-चार लांब बोल्ट असतात, बसवताना ते काढतात. ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. बोल्टशिवाय नेलं की तो गाडीत आपटतो, डँपर (हादरे शोषणारे दांडे) आणि स्प्रिंगा जातात, आणि घरी लावल्यावर मशीन नाचायला लागलं की फोन तुम्हाला येतो. हरवले असतील तर मॉडेल नंबरवरून नवीन मागवता येतात.

रंधा:
टेबल एकगठ्ठ्यात अजिबात देऊ नका. भरीव लाकूड ओळखणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. फळीच्या वरच्या पृष्ठावरची रेषा कडेवरून खाली उतरताना दिसली तर लाकूड भरीव. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर व्हीनिअर, म्हणजे वर नुसता लाकडाचा पातळ थर. कडेचा आणि टेबलाच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, जाणकार तेवढ्यावर ठरवतो. सुतार आणि जुन्या फर्निचरची डागडुजी करून विकणारे यांना आधी विचारा. पॉलिश स्वतः करू नका. जुन्या लाकडावर आणि जुन्या पितळेवर वर्षानुवर्षं चढलेली झाक असते. शौकीन तिचेच पैसे देतो आणि ती घासून गेली की परत येत नाही.

भांडी मोडीत घालण्याआधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. न चिकटणारी वेगळी काढून घरी वजन करून ठेवा. नक्षीकाम असलेली किंवा ठोक्याची भांडी वजनावर देऊ नका, ती एकेक विका.

कपाटाबद्दल खरं सांगायचं तर पार्टिकल बोर्ड एकदा सुटा केला की स्क्रूची पकड पुन्हा तशी बसत नाही. उभं असतानाच दाखवा, सुटं करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि कॅम-लॉक (फळ्या जोडणाऱ्या गोल चकत्या), स्क्रू, बिजागऱ्या पिशवीत घालून त्याच फळीला चिकटवा. गिऱ्हाईक नाहीच मिळालं तर फुकट द्या, पण नेणाऱ्यानेच सुटं करायचं या अटीवर.

वेणू:
खूप उपयोग झाला. दोन शंका. फ्रिज घेणारे म्हणतात, गाडीत आडवा टाकून नेऊ. आणि एक जण न बघताच पूर्ण पैसे द्यायला तयार आहे, फक्त मोबाइलवर आलेला कोड सांगा म्हणतो.

स्क्रूड्रायव्हर:
फ्रिज उभाच न्यावा. आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये जातं. अगदीच इलाज नसेल तर डाव्या किंवा उजव्या बाजूवर आडवा ठेवा, पाठीवर किंवा दारावर नको, आणि पोचल्यावर उभा करून २४ तास प्लग लावू नका. हे जाहिरातीतच लिहा.

जुनापुराणा:
कोडवाल्याला ताबडतोब ब्लॉक करा. पैसे घ्यायला कोड, पिन किंवा पासवर्ड कधीच द्यावा लागत नाही. तो कोड तुमच्या खात्यात शिरण्यासाठी असतो. 'चुकून जास्त पाठवले, फरक परत करा' हाही त्यातलाच प्रकार. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून वस्तू सोडू नका, स्वतःच्या खात्यात जमा झाले का ते बघा.

फोन नुसता रिसेट करून चालत नाही. अँड्रॉइडमधून आधी गूगल खातं काढा, आयफोनमध्ये 'फाइंड माय' बंद करा, मग रिसेट. नाहीतर नव्या मालकाला फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो. बॅटरी फुगलेली असेल तर विकू नका, पार्सलही करू नका. ई-कचरा केंद्रात द्या.

पुस्तकं विषयवार दहा-दहाचे गठ्ठे करून विका. जुन्या पुस्तकांच्या दुकानात रोखीपेक्षा अदलाबदलीत जास्त मोल मिळतं. अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं मात्र रद्दीतच.

रंधा:
पलंगाचं राहिलं. बाजूचा कठडा खाली सरकणारा असेल तर कुणालाच देऊ नका, फुकटही नाही. सरकपट्टी झिजली की कठडा सुटून फट पडते आणि बाळ त्यात अडकतं. अमेरिकेत जून २०११ पासून असे पलंग विकायला बंदी आहे, जुनेसुद्धा. कठडा पक्का असेल तर दोन गजांमधलं अंतर मोजा. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तोही नको.

गाद्यांना पैसे मिळतील असं धरू नका. डाग नसतील आणि शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके नसतील तर प्राण्यांच्या निवाऱ्याला विचारून बघा. ठिपके दिसले तर गादी प्लॅस्टिकमध्ये बांधूनच खाली उतरवा, नाहीतर जिन्यात ढेकूण सांडतील.