गावातल्या 45 घरांचं सांडपाणी: एसटीपी बसवायचा की दुसरं काही?

मुरबाडकर (घोडबंदर रोड, ठाणे)
नमस्कार मंडळी. राहतो ठाण्यात पण गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या बाजूला, डोंगरउतारावर 45 घरं, 220 च्या आसपास माणसं. पूर्वी बायका विहिरीवरून हंडे आणायच्या तेव्हा सांडपाणी असायचंच किती, परसातल्या अळूला आणि केळीला संपून जायचं. आता नळ आला, घरोघरी संडास-बाथरूम झालं आणि ते सगळं पाणी गटारातून खाली ओढ्याला जातं, ओढ्याच्या कडेलाच आमची विहीर. नळाला पाणी नसलं की सगळे तिथलंच पितात. गेल्या पावसाळ्यात जलसुरक्षकाने विहिरीचं पाणी एच टू एसच्या बाटलीत (पाण्यात मैला मिसळला असेल तर काळी पडते ती) भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी बघतो तर डांबरासारखं काळं. त्याच महिन्यात आईला कावीळ झाली. आता ग्रामसभेत म्हणतायत शहरातल्या सोसायटीसारखा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र, बसवू. चालेल का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

नेरुळ_ऑपरेटर
दादा, 11 वर्षं सोसायट्यांचे एसटीपी चालवतोय, मनापासून सांगतो, हे नका करू. एसटीपी म्हणजे जिवाणू पाळणं आहे, त्यांना हवा लागते, म्हणजे ब्लोअर सतत चालू पाहिजे. चांगला गाळ चॉकलेटी असतो, ओल्या मातीसारखा वास येतो. लाइट दिवसभर गेली की तोच काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पावसात तुमच्याकडे लाइट किती वेळ जाते ते तुम्हालाच माहीत. शिवाय माणशी 55 लिटर धरलं तर रोज 12 हजार लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, म्हणजे 10 हजारच्या आत. एवढ्यासाठी ऑपरेटरचा पगार आणि लाइटबिल कोण भरणार?

ऐरोलीची_सुनंदा
मी बरीच वर्षं गावांमधल्या सांडपाण्याचं काम केलंय. दादा, तुमच्याकडे उतार आहे, तोच तुमचा पंप. आधी अंघोळीचं-भांड्यांचं पाणी वेगळं काढा, ते परसबागेत नाहीतर शोषखड्ड्यात, नांदेड पॅटर्नचे शोषखड्डे रोजगार हमीतून झालेत तसे. संडासचं पाणी सेप्टिक टँकमधून, मग कप्प्याकप्प्यांतून पाणी वर-खाली फिरवणाऱ्या टाकीतून आणि शेवटी दोन फूट खोल खडीच्या वाफ्यात, वर कर्दळ आणि पाणकणीस. पाणी खडीच्या आत राहतं त्यामुळे डास होत नाहीत. सगळंच पाणी तिकडे नेलं तरी माणशी एक ते दोन चौरस मीटर धरा, दोन ते चार गुंठे झाले. लाइट अजिबात लागत नाही. पण वरच्या अंगाला चर मारा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात डोंगराचं पाणी वाफ्यात शिरून गाळासकट ओढ्यात जाईल.

कातळ_आणि_पाणी
सुनंदाताईंचं बरोबर, फक्त शोषखड्ड्याबाबत सावध राहा. तिकडे काळा कातळ आहे, मातीचा थर कुठे हातभर, कुठे तेवढाही नाही. कातळात पाणी गाळलं जात नाही, फटीतून तसंच धावतं आणि थेट विहिरीत निघतं. संडासचा खड्डा विहिरीच्या वरच्या बाजूला असेल तर आधी तोच हलवा. आणि गणपतीला, जत्रेला मुंबईहून सगळे गावी येतात, माणसं दुप्पट होतात, टाकी त्या दिवसांसाठी मोठी बांधा. टाकीचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायला लागतो, तो गाडीनेच, माणूस आत उतरवायचा नाही, आतल्या गॅसने जीव जातो.

मुरबाडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सुनंदाताई, खडीच्या वाफ्याला पैसे ग्रामपंचायतीला मिळतील का?

ऐरोलीची_सुनंदा
वित्त आयोगाच्या निधीत स्वच्छतेसाठी राखीव हिस्सा असतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तो आराखड्यात घ्यायला सांगा. जागेचा प्रश्न मात्र आधी सोडवा, दोन गुंठे कोणाचे ते ग्रामसभेत लिहून घ्या. तोवर आईंना पाणी उकळूनच द्या, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं असलं तरी.

मुरबाडकर
रविवारी जातोय. विहिरीपासून वरच्या प्रत्येक संडासपर्यंत टेप लावून मोजतो आणि फोटो इथे टाकतो.